वारा हवा, ऊन नको

आगरदांड्याचं आमचं घर दोन काळांत बांधलेलं आहे. जुना भाग चिऱ्याचा, कौलारू, पुढे-मागे पडवी. नवा भाग म्हणजे सासऱ्यांनी नोकरीच्या पैशांतून मागाहून जोडलेल्या पश्चिमेच्या दोन खोल्या. त्यांवर स्लॅब, खिडक्या लोखंडी झेड सेक्शनच्या, लांबी भरून बसवलेल्या काचा. त्या वेळी गावात त्यांचं कौतुक झालं म्हणतात. मग खाडीवरच्या वाऱ्याने त्या लोखंडाचे पापुद्रे काढले आणि उरलंसुरलं काम ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने केलं. पुढची काही वर्षं प्लायवूड आणि ताडपत्रीवर निभावली. निवृत्त होऊन आम्ही ठाण्याहून इथे मुक्कामाला आलो, तेव्हा मी घरात जाहीर केलं की आता 'ऊर्जाबचत करणाऱ्या' खिडक्या बसवायच्या. हे शब्द मी एका माहितीपत्रकात वाचले होते. बँकेत आयुष्य काढूनही छापील पत्रकावरचा माझा विश्वास शाबूत आहे, हे विशेषच म्हणायचं.

त्या खरेदीत मला जे कळत गेलं ते इथे लिहिते. तुमचं घर घाटावर असेल किंवा इमारतीत नवव्या मजल्यावर असेल, तर हिशोब वेगळा निघेल. निघू द्या.

१. दुकानातली खिडकी थंड मुलखातली गाणी गाते. दुकानातल्या मुलाने मला दुहेरी काच दाखवली, मधल्या पोकळीत आरगॉन वायू भरलेला, आणि म्हणाला, "मॅडम, वीजबिल निम्मं होईल." पत्रकात 'यू-व्हॅल्यू' नावाचा आकडा होता: साध्या एकेरी काचेचा ५.८ च्या आसपास, दुहेरीचा २.८ च्या आसपास. आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर एक चौरस मीटर काचेतून तेवढे वॉट उष्णता जाते, असा त्याचा अर्थ. रात्री वही घेऊन बसले. माझा भाचा म्युनिकला असतो. तिथे कडक थंडीच्या रात्री आत २०, बाहेर उणे १०. फरक ३० अंशांचा. एकेरी काच असती तर दर चौरस मीटरमागे पावणेदोनशे वॉट बाहेर गेले असते, आणि कमी-अधिक गळती महिनोन्‌महिने. त्याच्याकडे तीन काचांची खिडकी आहे ती उगाच नाही. आमच्याकडे? बाहेर ३३, एसी लावला तर आत २६. सात अंशांचा फरक, म्हणजे चाळीस वॉट. दुहेरी काचेने त्यातले वीस वाचतील. वीस वॉटची तर आमच्या ओटीवरची ट्यूब आहे!

आता दुसरी बाजू. एप्रिलच्या दुपारी चार वाजता पश्चिमेच्या उभ्या काचेवर चौरस मीटरला सहज पाचशे वॉट ऊन पडतं. साधी काच त्यातलं ऐंशी टक्के आत सोडते. म्हणजे चारशे. दुहेरी साधी काचसुद्धा सत्तर टक्क्यांच्या आसपास सोडतेच. वीस वाचवायला निघालेल्या बाईच्या दारात हे चारशे उभे होते. भाच्याला फोन केला तर तो हसला. "मामी, आम्ही इकडे ऊन आत यावं म्हणून मोठ्या काचा लावतो. तू ऊन बाहेर कसं राहील ते बघ." उष्णतेचं इंजिनिअरिंग शिकलेला मुलगा. त्याचं म्हणणं सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पश्चिमेला खिडक्या काढू नका, असं मी तेव्हाच सांगितलं होतं. तुझ्या सासऱ्यांना कॉटवरून खाडी दिसायला हवी होती."

२. आपल्याच घरात ऊन कुठून येतं हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, दक्षिणेची बाजू तापते. प्रत्यक्षात दक्षिणेच्या खिडकीला हातभर छज्जा असला की उन्हाळ्यातलं दुपारचं ऊन काचेला शिवतही नाही, कारण सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य चक्क आपल्या उत्तरेला असतो. उत्तरेच्या ज्या खिडकीला मी 'थंड' समजून काही करणार नव्हते, तिच्यातून मेमध्ये सकाळ-संध्याकाळ उन्हाचा पट्टा जमिनीवर येतो. पेन्सिलीने लादीवर रेघा मारत फिरले. घरातल्यांनी करमणूक करून घेतली, पण त्या रेघांमुळे दुकानाचा रस्ता बराच काळ टळला.

पश्चिमेचं ऊन मात्र वेगळ्याच जातीचं. ते तिरपं, खालून येतं. छज्जा कितीही पुढे काढा, ते त्याच्या खालून शिरतं. आतून पडदा ओढला तर डोळ्यांना बरं वाटतं, पण ऊन काचेतून आत आलेलं असतं, पडदा तापतो आणि ती ऊब खोलीतच सोडतो. अडवायचं तर काचेच्या बाहेर. जुन्या भागाला पडवी आहे, म्हणून तिथल्या पश्चिमेच्या भिंतीला हा प्रश्न कधी पडलाच नाही. पडवीला मी इतकी वर्षं चपला ठेवायची जागा समजत होते.

३. सरकती खिडकी अर्धीच उघडते. हे वाक्य वाचून तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? पण दुकानात ती एका बोटाने सरकवून दाखवतात तेव्हा हे लक्षात येत नाही. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ साली घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. तिच्यात उष्ण-दमट हवेच्या प्रदेशासाठी सांगितलं आहे की उघडणारं क्षेत्र खोलीच्या जमिनीच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश हवं. थंड प्रदेशात याच्या निम्म्यावर भागतं. ती मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी आहे, आमच्यासारख्यांच्या मागे कुणी लागत नाही. तरी गंमत म्हणून मांडून बघितलं. पश्चिमेची खोली बारा बाय बारा, १४४ चौरस फूट. एक षष्ठांश म्हणजे २४. चार बाय चारच्या दोन खिडक्या: पूर्ण उघडणाऱ्या फळ्या असतील तर ३२, पास. सरकत्या लावल्या तर १६, नापास. काहीच हिशोब न करता बांधलेल्या माजघराची खिडकी, वरचा झरोका आणि समोरच्या भिंतीतलं पडवीकडचं दार यांनी मात्र परीक्षा पहिल्या वर्गात काढली.

आणि आगरदांड्याला वाऱ्याला नाही म्हणणं म्हणजे करंटेपणा. मार्च ते मे, दुपार कलली की राजपुरीच्या खाडीच्या तोंडातून खारा वारा आत येतो आणि वर सरकत आमच्याकडे पोचतो. अंगावर वारा असला की तीच हवा दोन-तीन अंशांनी थंड वाटते. पण वारा नुसता आत येत नाही, त्याला बाहेर जायची वाट लागते. समोरच्या भिंतीत काही उघडं नसेल तर तो खिडकीशी घुटमळतो आणि जातो. पश्चिमेच्या खोलीला पूर्वेकडे, दाराच्या वर, आम्ही एक झरोका पाडून घेतला. सगळ्या कामात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणी तोच ठरला.

४. पश्चिमेच्या एकाच खिडकीतून वारा, ऊन, पाऊस, मीठ आणि वादळ येतं. पाचांपैकी एकाला घ्यायचं आणि चौघांना थोपवायचं. हे एका काचेचं काम नाही, हे कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. शेवटी जे केलं ते नवं काहीच नाही. बाहेरच्या बाजूला सागाच्या झिलमिल्यांच्या फळ्या, मध्ये गज, आतल्या बाजूला आत उघडणारी काच. एप्रिलच्या दुपारी काच उघडी, झिलमिल्या लावलेल्या: वारा येतो, ऊन येत नाही. संध्याकाळी सगळं उघडं. पावसाळ्यात काच लावायची, उजेड हवा तर झिलमिल्या उघडायच्या. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या खिडक्या आठवून बघा, त्यांतल्या कितीतरी अशाच होत्या. दुकानातल्या मुलाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, हे हेरिटेज डिझाइन झालं." भाव लगेच वाढला. मग सुतार शोधला. तो दिघीच्या बाजूचा, फेरीबोटीने येतो, आणि शेवटची बोट गाठायची म्हणून वेळेवर काम थांबवतो. त्याच्याशी बोलायचं तर सकाळीच.

५. खिडकी फुटली की छप्पर जातं. हे मी पुस्तकात वाचलं नाही, दिरांकडून ऐकलं. निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता, झोत १२० पर्यंत. मुरूड-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्या त्या दुपारी आडव्या झाल्या. दीर आणि सासूबाई घरात होते. आधी पश्चिमेच्या खोलीची काच फुटली. मग खोलीचं दार निसटलं, वारा माजघरात घुसला, आणि त्यानंतर माजघरावरची कौलं उडाली. वारा बाहेरून छपराला वर ओढतच असतो, तो आतही शिरला की खालून रेटतो. दोन्ही बाजूंनी जोर लागल्यावर कौलांचं वजन पुरत नाही. मी ज्याला 'काचेचं नुकसान' म्हणून वहीत लिहिणार होते, तो खरं तर छपराचा कडी-कोयंडा होता.

म्हणून काच निवडताना एक फरक समजून घेतला. टफन्ड काच फुटली की तिचे बारीक, बोथट दाणे होतात. माणूस कापत नाही, पण भोक मोकळं होतं. लॅमिनेटेड काच, म्हणजे दोन काचांच्या मध्ये चिकट पारदर्शक थर असलेली, मोटारीला पुढे असते ती, तडकली तरी चौकटीत धरून राहते. आम्ही पश्चिमेला लॅमिनेटेड घेतली. महाग पडली. तिच्या बाहेर झिलमिल्या आहेतच आणि त्यांना आडवा अडसर घालायची सोय आहे. अडसर हा सासूबाईंचा हट्ट. त्या दुपारी त्या माजघरात होत्या, मी नव्हते. म्हणून वाद घातला नाही.

आणखी एक: वादळानंतर कित्येक दिवस वीज नव्हती. जूनची उकाड्याची हवा, पंखा बंद. घट्ट बंद होणारी खिडकी ही विजेच्या भरवशावरची खिडकी असते, एवढं त्या दिवसांबद्दल ऐकून पक्कं झालं.

६. पाणी खिडकीतून येत नाही, खिडकीच्या शेजारून येतं. कोकणातला पाऊस उभा पडत नाही, झड येते. ती काच आणि फळी यांना फारशी जुमानत नसली तरी तिचा खरा रस्ता चौकट आणि भिंत यांच्यातली फट. आमच्या भिंतीतले गाळे सरळ असतील असं मी धरून चालले होते. मिस्त्रीने गुण्या लावला, ओळंबा सोडला आणि म्हणाला, "वहिनी, ह्या घराला काटकोन कुणी दाखवलाच नाही." वर बोटभर, खाली दीड बोट. अशा गाळ्यात कारखान्यातून काटेकोर मापाची खिडकी आली की चारी बाजूंना फट उरते, आणि ती नुसत्या सिमेंटने बुजवली तर दोन पावसाळ्यांत तडा जातो. मग चौकट आधी पाचरी ठोकून ओळंब्यात आणली, मग फट भरली, मग बाहेरून सिलिकॉन. खालच्या कडाप्प्याला बाहेर उतार. आणि कडाप्प्याच्या पोटाला, बाहेरच्या कडेच्या जरा आत, एक बारीक खाच, की पाणी तिथे तुटून खाली पडावं, भिंतीकडे परतू नये. खाच करायला मिस्त्रीला कटर मशीन लागलं आणि चहा लागला. काचेच्या सगळ्या जाहिरातींत या खाचेबद्दल एक अक्षर नसतं.

उत्तरेच्या खोलीला आम्ही यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या चौकटीची खिडकी घेतली. तिच्या खालच्या पट्टीला बाहेरून लहान लहान भोकं दिसली तेव्हा मला वाटलं, माल निकृष्ट आहे. ती पाणी बाहेर जायची वाट असते. रंगाऱ्याने तुमची भोकं बुजवली नाहीत ना, ते बघत जा.

७. समुद्राकाठी खिडकीचं आयुष्य स्क्रू ठरवतो. काच टिकते, चौकट टिकते, बिजागरी जाम होते. साधं लोखंड इथे एका पावसाळ्याचं. स्टेनलेस स्टीलमध्येही ३०४ आणि ३१६ असे प्रकार असतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते खारट हवेत जास्त टिकतं. अ‍ॅल्युमिनियमला लोखंडी स्क्रू मारला की दोन धातूंच्या सांध्यात मीठपाणी साचून पांढरी भुकटी निघायला लागते. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याचं फडकं फिरवायचं. झालं.

८. ऊर्जा वाचवणारी वस्तू बनवायलाही ऊर्जा लागते, हा विचार माझ्या वहीत फार उशिरा आला. शुद्ध अ‍ॅल्युमिना वितळलेल्या क्रायोलाइट क्षारात विरघळवून त्यातून विजेने एक किलो अ‍ॅल्युमिनियम काढायला साधारण १४ युनिट वीज खर्च होते. एका खिडकीत दहा किलो धरलं तर १४० युनिट. आमच्या घरात एसी नसलेल्या महिन्याचं बिल याहून कमी असतं. भंगारातून पुन्हा बनवलेल्या अ‍ॅल्युमिनियमला याच्या विसाव्या हिश्श्याइतकी पुरते, पण आपल्या पट्टीत कुठलं आहे हे कोण सांगणार? जुन्या भागातल्या सागाच्या चौकटी मी बदलायलाच निघाले होते. खालची आडवी पट्टी वाळवीने खाल्ली होती. सुताराने वरच्या लाकडात पटाशी टोचून दाखवली. आत जाईना. "हे लाकूड आता मिळायचं नाही, वहिनी. खालचं कापू, जोड देऊ." जोड दिसतो. पाहुणे विचारतात. मी सांगते, १४० युनिट.

९. डासांची जाळी वारा खाते. पण संध्याकाळी साडेसहाला आमच्याकडे जाळीविरुद्ध बोलून दाखवा. जाळी काढता-घालता येईल अशी करा, दुपारी काढून ठेवा. यापलीकडे मला काही सुचलेलं नाही.

१०. एसीची खोली हे वेगळं घर आहे, असं समजून वागावं. मुलं येतात तेव्हा त्यांना एसी लागतो, त्याबद्दल मी प्रवचन देत नाही. उत्तरेच्या एका खोलीत तो आहे. इथे मला दुहेरी काचेबद्दलचं मत थोडं मवाळ करावं लागलं, पण तेही अपेक्षित कारणाने नव्हे. दमट हवेत एसीची बरीचशी शक्ती हवा गार करण्यापेक्षा ती सुकवण्यात जाते. फटीतून बाहेरची ओली हवा सतत आत येत राहिली तर ते काम संपतच नाही. म्हणजे पैसे घालायचे ते आधी रबराच्या पट्टीत, फळी घट्ट मिटवणाऱ्या कडीत. दाराखालच्या फटीतसुद्धा. काचेचा नंबर नंतर. जुलैच्या सकाळी त्या खोलीच्या एकेरी काचेवर बाहेरच्या बाजूने दव साचून पाणी ओघळायचं, चौकट कायम ओली. दुहेरी काच बसवल्यावर ते थांबलं. बिलात फरक पडला तो त्यामुळे की मुलांनी तापमान १८ वरून २४ वर नेलं म्हणून, ते मला ठामपणे सांगता येणार नाही. १ जानेवारी २०२० पासून स्टार असलेले नवे एसी सुरू करताना २४ वरच येतात. त्याखाली नेणारं बोट आपलं असतं.

११. खिडकीच्या आधी छप्पर बघावं. हे सगळ्यात शेवटी कळलं, म्हणून शेवटी लिहिते. पश्चिमेच्या खोल्यांत संध्याकाळी सात वाजता, ऊन गेल्यावरही उकडायचं, तेव्हा खिडक्या नव्या होत्या आणि झिलमिल्या चोख काम करत होत्या. वर हात लावून पाहिला: छत गरम. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री आत ऊब सोडतो, त्यापुढे कुठलीही काच काय करणार? वर पांढरा रंग दिला, मग पुढच्या वर्षी स्लॅबवर पत्र्याची शेड घातली, मध्ये वारा खेळायला जागा ठेवून. दोन्ही मिळून एका लॅमिनेटेड खिडकीच्या आसपास खर्च आला आणि गुण दुप्पट. मला पुन्हा कुणी विचारलं तर मी क्रम असा सांगेन: छप्पर, मग पश्चिमेची सावली, मग वाऱ्याला जायची वाट, मग फटी, आणि सगळ्यात शेवटी काच. दुकानात हा क्रम बरोबर उलटा असतो, कारण पहिल्या तीन गोष्टी त्यांच्याकडे विकायला नसतात.

ता. क. स्वयंपाकघरातून पडवीत दार काढलं, तेव्हा सागाच्या दोन चौकटी मोकळ्या झाल्या. साडेतीन बाय चार, गजांसकट, वाळवी नाही, एकीच्या वरच्या कोपऱ्याला चीर आहे. कुणाला खरंच बसवायच्या असतील तर आगरदांड्याला येऊन घेऊन जा. पैसे नकोत, टेंपो तुमचा.